हलव्याचा दाणा

संक्रांतीच्या संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे हळदीकुंकवाला गेले होते. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत पहिला मान त्यांचा. त्यांच्याकडचं झालं की मग बाकीच्यांची रांग रथसप्तमीपर्यंत चालते. दारातच तिळाच्या वड्यांचा, अत्तराचा आणि कपाटातून नुकत्याच काढलेल्या साड्यांचा मिसळलेला वास. काकूंनी हळद लावली, कुंकू लावलं, मनगटावर अत्तर चोळलं आणि हातावर तिळगूळ ठेवता ठेवता थांबल्या. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर झालंय. तेव्हापासून त्यांना जिन्यातली कोळिष्टकं दिसतात, समोरच्या इमारतीतल्या गॅलरीतलं वाळत घातलेलं दिसतं, आणि त्या दिवशी माझा गाल दिसला. “अगं, डास चावला वाटतं?” मी म्हटलं, “हो ना.” तेवढ्यावर गप्प बसले असते तर मिटलं असतं. पण खोटं बोलायची सवय नसली की माणूस त्याला ठिगळं लावत बसतो. “मेले केवढे डास झालेत हो यंदा, नदीतली ती जलपर्णी काढतच नाहीत,” मी पुढे म्हणाले. झालं! पाच बायका जलपर्णीवर तुटून पडल्या. नगरसेवक, महापालिका, धूरफवारणी असं करत विषय कुठल्या कुठे गेला, आणि मी वाणाचा डबा पिशवीत घालून सटकले. लिफ्टच्या आरशात पाहिलं. डाव्या गालावर, नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरते त्या रेघेच्या जरा बाहेर, हलव्याच्या दाण्याएवढी गाठ. तशीच टणक. आतून जीभ लावली तरी लागत होती, आणि बाहेरून दाबली की कळ थेट दातात.

डास कसला चावतोय. त्या जागी मी बावीस हजार रुपये मोजून रेघ भरून काढायची, फिलरची सुई टोचून घेतली होती.

कशासाठी, याचं उत्तर मेट्रोत आहे. ऑक्टोबरातली गोष्ट. सकाळी आयडियल कॉलनीला चढले, गर्दी होती, दांडीला धरून उभी राहिले. नळ स्टॉपला एक कॉलेजची मुलगी उठली, कानातलं काढलं आणि इतक्या गोड आवाजात म्हणाली, “बसा ना आजी.” मी बसले. न बसून करते काय? चोपन्नाव्या वर्षी ‘काकू’ची सवय झालेली असते, ‘आजी’ची नसते. पुणे स्टेशन येईपर्यंत फोनचा कॅमेरा उलटा करून स्वतःकडे बघत होते. नाकाच्या दोन्ही बाजूंनी दोन कंस. जणू मधल्या तोंडाने जे काही बोलायचं ते कंसातच बोलायचं. भाचीचं लग्न डिसेंबरात होतं आणि फोटो निघणार होते. अर्थात हे मी नंतर स्वतःला दिलेलं कारण. लग्न नसतं तर दुसरं काही सापडलं असतं.

क्लिनिक डेक्कनच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर. पांढरा सोफा, काचेच्या भांड्यात पाण्यावर सोडलेली फुलं, लव्हेंडरचा वास. पांढऱ्या कोटातल्या मुलीने गालावर बधिर करायचं क्रीम लावून अर्धा तास बसवून ठेवलं, आरसा हातात दिला, पेन्सिलीने चार ठिपके काढले. सुई टोचल्याचं फारसं कळलं नाही. पण आत काहीतरी सरकतंय, जागा करून घेतंय, हे मात्र कळत होतं. दात काढताना दुखत नाही पण करकर ऐकू येते ना, त्यातलाच प्रकार. वीस मिनिटांत सगळं आटोपलं. एक मिलीलीटरची सिरिंज, निम्मी डावीकडे, निम्मी उजवीकडे. आता कबूल करायला हरकत नाही, छान दिसत होते. सूज दोन दिवस, निळा डाग आठवडाभर, बोटाला लागणारे बारीक उंचवटे दहाव्या दिवशी गेले. लग्नात बहीण म्हणाली, “तुला हल्ली झोप चांगली लागते वाटतं.” त्या एका वाक्यात मला बावीस हजार वसूल झाल्यासारखे वाटले होते.

आणि तरीही त्या सोफ्यावर बसून मी एकही प्रश्न विचारला नव्हता. मी! मी बँकेत आहे. एकतीस वर्षं लोकांच्या सह्या ताडून बघण्यात गेली. आधार दाखवा, पॅन दाखवा, हा फोटो तुमचाच का, मग असा का दिसतो, हे माझं रोजचं बोलणं. आंब्याच्या दिवसांत मंडईत जाऊन पेटीवर देवगड लिहिलंय म्हणून विश्वास ठेवणाऱ्यातली मी नव्हे. पेंढा बाजूला करते, देठाशी नाक नेते, विकणाऱ्याला तीन प्रश्न घालते आणि चौथ्याला तो वैतागतो. पण गालात काय भरताय, त्याचं नाव काय, कुठल्या कंपनीचं, तू डॉक्टर आहेस का गं बाई, काही काही विचारलं नाही. फॉर्मवर सही केली तीसुद्धा न वाचता. याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, विचारलं असतं तर मी हे खरोखरच करते आहे हे स्वतःपाशी कबूल करावं लागलं असतं. न विचारता केलं की ते आपल्याला कुणीतरी केलं, एवढंच राहतं.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात डाव्या बाजूच्या वरच्या दाढेचं रूट कॅनल झालं. दातांच्या डॉक्टरांनी बी. पी., शुगर, रक्त पातळ व्हायची गोळी असं सगळं विचारलं. गालात काही भरलंय का, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी गाठ लागली. क्लिनिकला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. चार तासांनी उत्तर आलं, “नॉर्मल आहे मॅम, मसाज करा,” पुढे हसरा चेहरा. मी मनापासून मसाज केला. खोबरेल तेल लावून, अंगठ्याने, पोळीची कणीक तिंबावी तसा. तिसऱ्या दिवशी गाठीभोवती लाली आली. मग कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून क्रीम आणलं. मेडिकलवाला काही न विचारता देतो ते, खाजेला, पुरळाला, नायट्याला सगळ्याला चालणारं. त्याने लाली जरा उतरली, मला हायसं वाटलं, आणि हळदीकुंकवाला जाण्याइतका धीर आला.

आईला मात्र फसवता आलं नाही.

आई एक्क्याऐंशीची आहे. बाबा गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, आमच्याकडे असते. आपल्या घरी हळदीकुंकू असलं की ती आतल्या खोलीत वाचत बसते. यावरून मी तिच्याशी किती वेळा भांडले असेन. मी लावते तुला, कोण काय म्हणतंय बघू, असं म्हणून झालं. ती चष्म्यावरून बघते आणि पान उलटते. त्या संध्याकाळी मी वर आले तेव्हा तिने वाण बघायला मागितलं, डब्याचं झाकण घट्ट बसतं का ते दोनदा तपासलं, आणि मग माझी हनुवटी धरून तोंड दिव्याकडे वळवलं. लहानपणी ताप बघायची तशी बोटांची पाठ गालाला लावली. उलट्या हाताने. आधी उजवा गाल, मग डावा. “ऊन आहे गं इथे,” ती म्हणाली. “डासाने असं ऊन होत नाही.” काकू काय म्हणाल्या हे मी तिला सांगितलंही नव्हतं, पण सोसायटीत बातमी लिफ्टच्या आधी वर येते. मग सगळं सांगितलं. मला वाटलं रागावेल. ती म्हणाली, “दुखलं का?” आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखं, “माझ्या तोंडाकडे आता कुणी एवढं निरखून बघत नाही. ते एक बरं.” हे बरं आहे की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. यांच्याकडे लव्हेंडर नव्हतं, डेटॉलचा वास होता आणि बाकांवर पोरं रडत होती. तिथेही तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते, “डॉक्टर, दाढेमुळे सूज आलीये बहुतेक.” त्यांनी बोटांनी दोन्ही बाजू चाचपल्या. एक बोट आतून, एक बाहेरून. त्यांचं वय माझ्या भाचीएवढं असेल. मान वर न करता म्हणाल्या, “काकू, फिलर कधी केलंत?” मी सांगितलं. “काय घातलंय?” मी गप्प. “नाव? कंपनी? काही कार्ड, स्टिकर?” मी गप्पच. माझ्या काउंटरसमोर लोक जसे बसतात, आधार घरी विसरलेले, तशी मी त्या स्टुलावर बसले होते.

त्यांनी मग एकापाठोपाठ विचारलं. टोचल्यावर लगेच जागा पांढरीफटक पडली होती का? जाळीदार निळसर डाग? खूप दुखलं? नजरेत काही फरक? नाही, नाही, नाही. हे असतं तर गोष्ट वेगळी, म्हणाल्या. जेल रक्तवाहिनीत शिरलं किंवा तिच्यावर दाब आला तर कातडी मरू शकते, क्वचित दृष्टी जाते, तिथे तासांचा हिशेब असतो. पहिल्या आठवड्यात लागणाऱ्या गाठी बहुतेक वेळा साध्या असतात. सूज असते, रक्त साकळलेलं असतं, नाहीतर जेल एका जागी जास्त बसलेलं असतं. तेव्हा हलका मसाज सांगतात तो ठीक. पण दीड-दोन महिन्यांनी नव्याने उठलेली, ऊन लागणारी, दुखरी गाठ संसर्गाचीच धरून चालायची, तसं नाही हे कळेपर्यंत. “आणि तुम्ही मसाज केलात?” “हो.” “वर काही लावलंत?” मी पर्समधून क्रीमची ट्यूब काढून दिली. त्यांनी मागचं बारीक वाचलं आणि ट्यूब सरळ पायाशी कचऱ्यात टाकली. स्टेरॉइड होतं त्यात. लाली उतरते आणि आत जंतू असले तर त्यांना मोकळं रान मिळतं. मेडिकलवाल्याला मी मनात चार शिव्या घातल्या. खरं तर त्या निम्म्या मलाच होत्या.

माठ आतून घासला नाही तर बुळबुळीत थर धरतो ना, तसं काहीसं असतं हे. सुईबरोबर कातडीवरचे चार जंतू आत जातात, जेलच्या पृष्ठभागावर बसतात आणि स्वतःभोवती चिकट आवरण विणून गुपचूप राहतात. दातांवर साठतं ते प्लाकही त्याच जातीचं. त्या आवरणातून ना शरीराच्या पेशी नीट पोचतात, ना औषध. मग कधीतरी सर्दी-ताप येतो, एखादी लस घेतली जाते, दातांचं काम होतं, शरीराची पोलीसयंत्रणा जागी होते आणि तिला तो परका गोळा दिसतो. माझ्या बाबतीत दाढेतून जंतू आले की आधीचे जागे झाले, की नुसतीच शरीराची तक्रार होती, हे सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. मला त्यांचं हे ‘सांगता येणार नाही’ फार आवडलं. त्या पांढऱ्या सोफ्यावर सगळं सांगता येत होतं.

तिथूनच क्लिनिकला फोन लावला. डबीवरचं स्टिकर पाठवा म्हटलं. आधी ‘मॅम बिझी आहेत’, मग ‘रेकॉर्ड बघावं लागेल’. बँकेतला आवाज लावला तेव्हा फोटो आला. हायल्युरॉनिक ॲसिड. डॉक्टरांनी सुस्कारा सोडला तो मी ऐकला. हे विरघळवता येतं. याचंच नाव दुसरं काही असतं, कॅल्शियमचे कण किंवा प्लास्टिकचे सूक्ष्म मणी, तर विरघळवायला औषध नाही. मग गाठीत इंजेक्शनं, नाहीतर चिरून काढणं. एका स्टिकरवर एवढं सगळं अवलंबून होतं, आणि त्यावरचा लॉट नंबर वाचायला मला चष्मा काढून पुन्हा लावावा लागला.

घरी येऊन वाचत बसले. उशिराचं शहाणपण. हे ॲसिड म्हणजे नावाला ॲसिड; 1934 साली गाईच्या डोळ्यातल्या पारदर्शक द्रवात सापडलं, म्हणून काचेच्या ग्रीक शब्दावरून त्याचं नाव. पाणी धरून ठेवणं हा त्याचा धर्म. आपल्या कातडीत, सांध्यांत, डोळ्यांत ते असतंच. सत्तर किलोच्या माणसात साधारण पंधरा ग्रॅम, आणि त्यातला तिसरा हिस्सा शरीर रोज मोडून नवा करतं. टोचायच्या जेलमध्ये त्याच्या साखळ्या एकमेकींना बांधून घट्ट करतात, म्हणून ते रोजच्या मोडतोडीत न सापडता काही महिने टिकतं. पूर्वी ते कोंबड्याच्या तुऱ्यातून काढायचे, आता जंतूंकडून आंबवून घेतात. हे मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने सोवळ्यात आयुष्य काढलंय. ती म्हणाली, “म्हणजे आता शाकाहारी झालं म्हणायचं.” आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनात डोळ्याच्या आत आधाराला जे जेल घालतात, तेही बरेचदा हेच. म्हणजे काकूंना माझा गाल ज्याच्या कृपेने दिसला ते, आणि गालात जे फुगलं होतं ते, एकाच घराण्यातलं असेल तर कोण जाणे.

त्याच दिवशी बारीक सुईने गाठीतून एक थेंब काढला होता. गढूळ, ताकाच्या निवळीसारखा. तो तपासणीला गेला. सोनोग्राफी झाली, पडद्यावर गालाच्या करड्या ढगात एक काळपट बी. दोन वेगवेगळ्या अँटिबायोटिक सुरू झाल्या, त्याही आठवड्याच्या नाही, तीन-चार आठवड्यांच्या हिशेबाने. कोलेस्टेरॉलची गोळी तोवर बंद, कारण तिचं या दोघींतल्या एकीशी पटत नाही. त्यातल्या एका गोळीने तोंडाला अशी चव आली की विचारू नका. तांब्याचा पैसा चघळावा तशी, दिवसरात्र. त्या महिन्यात घरोघरचा तिळगूळ मी खाल्ला, सगळा तांब्याचा. त्या थेंबातून कुठले जंतू वाढले, याचा अहवाल आला तेव्हा काहीच वाढलं नव्हतं. “म्हणजे संसर्ग नव्हता?” “नव्हता असं नाही काकू, सापडला नाही. हे जंतू लपतात. आणि काही इतके सावकाश वाढतात की दीड-दोन महिने थांबावं लागतं.” पण गाठीचा ऊनपणा चौथ्या दिवशी कमी झाला होता. हे आईने उलट्या हाताने आधी सांगितलं, डॉक्टरांनी नंतर.

आठव्या दिवशी विरघळवायचं इंजेक्शन. ते आधी का नाही दिलं, तर जंतू जागे असताना नुसतं जेल फोडलं तर त्यांनाही पसरायला वाट होते. आधी औषधाची तटबंदी, मग तोडफोड. देण्यापूर्वी त्यांनी विचारलं, “मधमाशी चावल्यावर कधी फार त्रास झालाय का?” मला हसूच आलं. डासावरून मधमाशीवर आलो म्हणायचं. पण त्या गंभीर होत्या. विरघळवणारं हे विकर, म्हणजे एन्झाइम, मधमाशीच्या विषातही असतं, त्यामुळे ज्यांना तिची ॲलर्जी त्यांना याचीही होऊ शकते. मला एकदम पर्वतीच्या पायऱ्या आठवल्या. सातवीत असेन, कपाळाला मधमाशी चावली, आणि आजीने पानाच्या डब्यातला चुना बोटावर घेऊन तिथे फासला. चुन्याचा गारवा आणि तिच्या बोटाचा कातासुपारीचा वास अजून आहे. एक डोळा दोन दिवस मिटला होता, बाकी काही नाही. शाळेत सगळ्या मुली बघायला आल्या आणि मी प्रत्येकीला रंगवून रंगवून सांगितलं. सुजलेल्या तोंडाचं तेव्हा भूषण होतं.

मनगटाच्या वर थोडंसं टोचून अर्धा तास बसायला सांगितलं. बाकावर बसल्या बसल्या मला कावसजी आठवला. पुण्याच्या माणसाला तो माहीत असायला हवा. इंग्रजांच्या फौजेतला बैलवाला, मराठा. 1792 च्या लढाईत टिपूच्या लोकांच्या हाती सापडला आणि त्याचं नाक नि एक हात कापला गेला. वर्षभर तसाच बिननाकाचा हिंडल्यावर पुण्याजवळच्या एका वीटभट्टीवाल्या जातीच्या माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. आधी मेणाची पातळ चकती थोट्या नाकावर बसवली, मग तीच सपाट करून कपाळावर ठेवली, भोवती रेघ मारली आणि तेवढी कातडी कापून, एका बाजूने जोडलेली ठेवून, वळवून नाकावर आणली. इंग्रज डॉक्टरांनी हे बघितलं आणि 1794 साली लंडनच्या मासिकात चित्रासकट छापून आलं. तिथून पुढे युरोपात या पद्धतीने नाकं व्हायला लागली. त्या लेखात कावसजीचं नाव आहे, तोंडाचं चित्र आहे. ज्याने नाक केलं त्याचं नाव नाही. मेण कपाळावर ठेवून उचलून घेणारा तो शहाणा माणूस. पुढे शंभर वर्षांनी, 1899 च्या सुमारास, युरोपात पॅराफिनचं मेण गरम करून थेट लोकांच्या चेहऱ्यात टोचायला लागले, नाक उचलायला, गाल भरायला. ते आत घट्ट झालं, खाली सरकलं, गाठी झाल्या, आणि त्या काढताना कातडीही जायची. माझ्या गालातली गाठ त्यामानाने सुखवस्तू. विरघळणारी.

हातावर काही उठलं नाही. मग गालात, इन्सुलिनच्या असतात तसल्या बारीक सुईने, तीन ठिकाणी. हे मात्र दुखलं. मिरचीचा हात लागावा तशी जळजळ, डोळ्यात पाणी. डॉक्टरांनी माझंच बोट धरून गाठीवर ठेवलं आणि म्हणाल्या, आता दाबा. दाबलं. कोमट पाण्यात टाकलेला हलवा बोटाखाली सुटत जातो तसं काहीतरी हललं. संध्याकाळपर्यंत कडा गेल्या, दुसऱ्या दिवशी मऊ, आणि आठवड्याने पुन्हा थोडं औषध दिल्यावर दाणा गेला. त्याच्याबरोबर माझं जे काही भरलं होतं तेही गेलं. डावीकडचा कंस परत आला. उजवीकडे जेल शाबूत, कारण तिकडे काही झालंच नव्हतं. त्यामुळे महिनाभर मी उजवीकडून शेहेचाळीस आणि डावीकडून चोपन्न अशी बँकेत बसत होते. कुणाच्याही लक्षात आलं नाही. सह्या ताडून बघणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांच्यासुद्धा नाही. याचा आनंद मानावा की काय, हेही एक आहेच.

“दुसरी बाजूही विरघळवून टाकायची का?” डॉक्टरांनी विचारलं होतं. तिकडे त्रास नाही, आपोआप सहा-आठ महिन्यांत जाईल, म्हणाल्या, तुमच्यावर आहे. मी म्हटलं, बघते. का, ते त्यांनी विचारलं नाही. एव्हाना मला चांगलं ठाऊक होतं की आत काय आहे, कुठल्या कंपनीचं, कुठल्या लॉटचं. स्टिकरचा फोटो फोनमध्ये आहे. आणि तरी रात्री तोंड धुताना मी उजव्या बाजूलाच जरा जास्त वेळ बघते.

रथसप्तमीला आमच्याकडे हळदीकुंकू होतं. शेवटचं म्हणून सगळ्याच आल्या. काकूंना मी हळद लावली, कुंकू लावलं. इतक्या जवळून त्यांच्या भांगाशी पांढऱ्या केसांची बारीक रेघ दिसली, मेंदीच्या वर नुकतीच उगवलेली. त्यांनीही माझ्याकडे निरखून बघितलं, त्या नव्या डोळ्यांनी, डाव्या गालावर जरा थांबून. “गेला वाटतं डास.” सांगावंसं वाटलं. ओठांपर्यंत आलं होतं. गोळ्यांची तांब्याची चव परवापासून गेली होती, तोंड स्वच्छ होतं. “हो,” मी म्हणाले, “गेला.” या वेळी जलपर्णीचं काही बोलले नाही.

सगळ्या गेल्यावर आतल्या खोलीत गेले. आईने पुस्तक मिटलं, तोंड दिव्याकडे वळवलं, बोटांची पाठ लावली. “गार आहे.” मग उजव्या गालावर जरा जास्त वेळ ठेवून विचारलं, “आणि ही?”

“ती असू दे,” मी म्हटलं, आणि तिच्यापुढे तिळाच्या वड्यांची बशी सरकवली.